खालची बारीक ओळ

"बाई, सरा जराशा बाजूले," म्हणत त्या माणसानं दिग्रसच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर खळ फासली आणि गुंडाळलेला मोठा कागद वरून खाली उलगडत चिकटवला.

दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी निघालेली कांता थांबली. चीनची लढाई थांबून दोन-तीन महिने झाले होते, तरी सरकारची प्रचाराची मोटार गावोगाव फिरतच होती. आज तिच्या भोंग्यातून बायांना हाक येत होती, "भगिनींनो, जखमी जवानांना तुमच्या मायेची गरज आहे." चित्रात एक गोरीपान नर्स होती. ओठ रंगवलेले, कपड्यांवर सुरकुती नाही, हात जवानाच्या कपाळावर. डोक्याला पट्टी बांधलेला जवानही हसत होता.

"सिनेमातली दिसते," बाजाराला आलेली एक बाई म्हणाली.

कांतालाही तसंच वाटलं. ती निघणारच होती, एवढ्यात चित्राखालच्या बारीक अक्षरांवर तिची नजर गेली. 'अविवाहित अथवा विधवा परिचारिकांनी अर्ज करावेत.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. विधवा हा शब्द लोक तिच्यामागं हळू आवाजात बोलत, आणि तोही तिला कुठूनतरी बाहेर ठेवायचं असलं की. इथं तो भर रस्त्यात छापला होता, आणि त्याच्यापुढं 'अर्ज करावेत' असं होतं. भोंगा मायेबद्दल काय सांगत होता, ते तिला पुढं ऐकूच आलं नाही.

तिचा नवरा गोविंदा लग्नाच्या वर्षातच गेला होता. पायाला नांगराचा फाळ लागला, धनुर्वात झाला आणि खाटेवर आखडून आखडून गेला. मॅट्रिक झालेल्या सुनेला माहेरी न धाडता सासूनं, आधीच विधवा झालेल्या शकुबाईनं, नागपूरला नर्सिंगला घातलं आणि स्वतः जिनिंगात कापूस निवडायला जाऊ लागली. पोटचा एकुलता एक गेल्यावर सून हेच तिचं माणूस. त्यामुळं घरी हे सांगणं कांताला सगळ्यांत जड होतं.

शकुबाई चुलीपुढं भाकर थापत होती.

"आत्याबाई, फौजेतल्या दवाखान्यात नर्सा पाहिजेत म्हणे. मी अर्ज करतो."

"पाह्यला म्या तो कागद. ते बाई त लगनाले निघाल्यावानी दिसून राह्यली." शकुबाईनं भाकर तव्यावर टाकली. "तुले इथं काय कमी हाय?"

"काही कमी नाही."

"मंग कायले जातं?"

कांतानं चुलीत लाकूड सारलं. पण अर्ज तिनं टाकला. पुढचे काही दिवस सासूसुनेत कामापुरतंच बोलणं झालं.

मग एका संध्याकाळी चुलतसासरे नानाजी आले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर होतं. ते ओट्यावर बसले, तंबाखू मळत म्हणाले, "वहिनी, सुनेले आवरा. परक्या मुलखात, गडीमानसांत राहाचं म्हंते. घरची सून हाय ते आपल्या."

शकुबाई कापसाचे तंतू लुगड्यावरून झटकत उभी होती.

"तुमच्या लेकीच्या लगनात हयदीले तिले उंबऱ्याबाहेर उभं केलं, नानाजी. तवा नव्हती का घरची सून?"

नानाजींनी तंबाखू तोंडात टाकली आणि ते उठून गेले. शकुबाई आत आली. कांताकडं न पाहता म्हणाली, "जाय तू. पन सासूले सोडून आली, असं कोनाले सांगू नको. सासूनं धाडली, असं सांगजो."

नागपूरला मुलाखतीला बोलावणं आलं. दवाखान्यातल्या बाबुलाल कंपाउंडरनं 'देशसेवेची तळमळ' असं एक वाक्य तिच्याकडून घोकून घेतलं होतं. समोर पिकल्या केसांची फौजी अधिकारीण बसली होती.

"घरी कोण आहे?"

"सासू आहेत."

"त्या एकट्याच? मग का येतेस?"

घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. कांतानं ते गिळलं.

"माझा नवरा माझ्यासमोर तडफडून गेला, तेव्हा मला काहीच येत नव्हतं. आता येतं. आणि तुमच्या कागदावर विधवा चालेल असं होतं. तसं कुठं लिहिलेलं नसतं."

बाईंनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"चित्रातल्यासारखं काही नसतं तिथं."

"ती बाई लग्नाला निघालीय, असं म्हणतात आमच्या आत्याबाई."

बाई हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "बर्फानं पायाची बोटं झडलेली पोरं आहेत आमच्याकडं. आईच्या नावानं ओरडतात, कधी शिव्याही देतात."

"देऊ द्या," कांता म्हणाली. "मी येईन."

महिनाभरानं हुकूम आला. पुण्याला हजर व्हायचं होतं.

गावाला निघालेल्या माणसाला विधवा आडवी येऊ नये, म्हणून गल्लीतून कोणी पेटी घेऊन निघालं की शकुबाई दाराआड होत असे. किती वर्षं झाली, तिचं तिलाही आठवत नसेल. त्या सकाळी मात्र तिनं कांताच्या तळहातावर दहीसाखर ठेवली आणि तिची पत्र्याची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"द्या इकडं, आत्याबाई. जड हाय."

"तू मांगून ये."

नानाजींच्या ओट्यावर माणसं बसली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "शकुबाई, जराशा मांगं राहा ना. पोरगी लांब चालली."

शकुबाई थांबली नाही आणि बाजूलाही झाली नाही. पेटीच्या वजनानं तिची मान थरथरत होती. एका हातानं पेटी सावरत, रस्त्याच्या मधोमध, सुनेच्या पुढं ती स्टँडकडं चालत राहिली.