जमिनीची ऊब

“सरोजिनी-सान, टेकवा ना हात! बघा, कशी गरम आहे!”

मुख्याध्यापिका मोरिता-सान स्वतः गुडघ्यांवर बसल्या होत्या. जपानमधल्या इचिकावातल्या आमच्या बालवाडीची नवी इमारत त्या दिवशी सुरू झाली. छपरावर उन्हानं तापलेली हवा जमिनीखाली फिरवायची. रॉकेल नाही, धूर नाही. सत्त्याण्णवच्या जानेवारीत ते नवल बघायला लांबून पाहुणे आले होते.

मी हात टेकवला. खरंच गरम होती.

जुनी बालवाडी लाकडी होती. फटीफटींतून वारा यायचा. तिथला ओल्या लाकडाचा वास सत्तरी ओलांडल्यावरही आठवतो. दुपारी मुलं निजली की गाद्यांतूनही गारठा वर यायचा. मला कामावर घेतलं होतं ते त्यासाठीच. पाय चोळायचे, पाठ थोपटायची, मराठीत काहीबाही गुणगुणायचं. चार वर्षांची मिओ तर माझा हात पाठीवर पडल्याशिवाय डोळेच मिटायची नाही. आमचा मुलगा ओजस तेव्हा मला जपानीत उत्तरं द्यायचा, आणि हे सदा प्रयोगशाळेत. त्या देशात माझी वाट बघणारी तेवढी एक खोली होती.

नव्या इमारतीत काय हवं, असं सगळ्यांना विचारलं, तेव्हा मीच म्हटलं होतं, “जमीन गरम करा. मुलांचे पाय बर्फ होतात.”

घरी सांगितलं तर हे हसले. “वा! स्वतःचीच सुट्टी करून घेतलीस की!”

“काहीतरीच काय हो! जमीन काय पाठ थोपटणारे?”

पाहुण्यांना वाकून निरोप देत आम्ही बराच वेळ बाहेर वाऱ्यात उभ्या होतो. आत आलो तर गाद्या पसरण्याआधीच निम्मी मुलं झोपलेली.

मोरिता-सान माझ्याकडे वळल्या. “तुमच्यामुळे सुचलं हे. फार आभारी आहोत. मार्चनंतर मात्र... दुपारी माणूस लागणार नाही आता.”

त्या इतक्या खाली वाकल्या की चेहरा दिसेना. मीही वाकले. तिथं वाकावंच लागतं.

मिओ कडेला कुशीवर झोपली होती. सवयीनं मी तिच्या पाठीवर हात ठेवला. झोपेतच तिनं अंग चोरलं आणि जमिनीला आणखी चिकटली.

हात गार होता माझा. तो काखेत दाबून मी तिथंच बसून राहिले.