शेजारचं दार आधी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. एक तर यात मी काही फार हुशार दिसत नाही. दुसरं म्हणजे लंबू वाचणार. पण लंबूच म्हणाला, "लिही, फक्त माझं नाव घालू नकोस." लंबू हे नाव नाही, उंची आहे. त्यामुळे चालतंय.

तर. माझं शिक्षण दहावी आणि डिप्लोम्याचं दीड वर्ष. दीड वर्षाचं सर्टिफिकेट कुणी देत नाही, मी विचारून आलोय. पुढचं सगळं फोनवर व्हिडिओ बघून शिकलो आणि तीन वर्षं छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवल्या. चष्म्याचं दुकान, गाद्यांचं दुकान, एक दातांचे डॉक्टर. मग हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं की वेबसाइट नसली तरी गादी विकली जाते.

राहतो ताईकडे. ताई शाळेच्या ऑफिसात आहे, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. एका रविवारी तिने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"वेबसाइटचं होईल तेव्हा होईल. दुसरं काय करशील ते लिही. दहा कामं. सर्टिफिकेट लागत नाही अशीच."

लिहिली. ड्रायव्हर ताईनेच खोडलं, कारण तिची गाडी मी एकदा मागे घेतली होती. न्हावी होतं, त्यासाठी भाऊजींनी मोठ्या मनाने डोकं देऊ केलं आणि पुढचे दोन आठवडे ते टोपी घालून कामावर गेले. शिकवणी घेणे, यावर ताई नुसतंच "तू?" म्हणाली. नवव्या नंबरला चावीवाला होता. तो का लिहिला ते आठवत नाही. दहा भरायचे होते.

"काही नाही जमलं तर आमचं गोदाम आहेच," भाऊजी म्हणाले.

गोदामात दिवसभर खोक्यांवर स्टिकर लावायचे असतात. भाऊजी तिथे सतरा वर्षं आहेत आणि खोक्यांत काय असतं ते त्यांना अजून माहीत नाही. माणूस सुखी आहे, नाही असं नाही. पण मी कागद परत ओढला आणि नवव्या नंबरवर बोट ठेवलं.

ठरलं असं: एक महिना चावीवाल्या काकांकडे. महिन्यानंतरच्या सोमवारी काकांनी ठेवून घेतलं तर ठीक. नाही तर मंगळवारी भाऊजींबरोबर डबा घेऊन निघायचं.

काकांची टपरी एका बँकेच्या जिन्याखाली आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून काका गेली तीस वर्षं बसलेले आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की मी कुलपांचे चाळीस व्हिडिओ पाहिलेत.

"पोहण्याचे पण बघ," काका म्हणाले आणि हातात कानस दिली.

दोन आठवडे नुसतं घासणं. एकच चावी, पुन्हा पुन्हा. मी घासायचो, काका कुलपात घालायचे, काढायचे आणि डब्यात टाकायचे. डब्यात माझ्या चाव्यांचा ढीग झाला. जगातलं एकही दार न उघडणाऱ्या चाव्या. तिसऱ्या आठवड्यात एक फिरली. काका म्हणाले, "हं." त्या "हं"वर मी तीन दिवस काढले.

बाहेरच्या कामाला काका मला बरोबर न्यायचे, पिशवी उचलायला. तिथे त्यांची एक रीत होती. कुणी कितीही घाईत असो, काका कुलपाला हात लावायच्या आधी शेजारचं दार वाजवायचे. शेजारी बाहेर आला की विचारायचे, "हे इथलेच ना?" शेजारी हो म्हणाला, तरच पिशवीची चेन उघडायची. एकदा एक साहेब जाम भडकले. माझंच घर, मी सांगतोय ना, वगैरे. काका पायरीवर बसून राहिले. शेजारी बाजारातून येईपर्यंत पाऊण तास.

परत येताना मला म्हणाले, "डॉक्टरकडे भिंतीवर कागद असतो. आपल्याकडे काय? आपल्याकडे शेजारी. तो चुकवलास त्या दिवशी तू चावीवाला नाहीस, दुसराच कुणीतरी आहेस."

हे मला पाठ होतं. इतकं पाठ होतं की मी ते लंबूला दोनदा ऐकवलं होतं.

आता शनिवार. म्हणजे सोमवारच्या आधीचा शनिवार. दुपारी काका जेवायला घरी गेलेले. लंबूचा फोन.

"माझं दार उघडत नाहीये. किल्ली अर्धी जाते आणि अडते. कुलूप सडलंय बहुतेक. आत मोटर चालू आहे, टाकी भरून वाहील. ये ना!"

लंबू त्या इमारतीत चारच दिवसांपूर्वी राहायला गेला होता. मी काकांची पिशवी उचलली आणि निघालो. काकांना फोन करावा असं मनात आलं होतं. ते मी मनातच ठेवलं. सोमवारी सांगायला काहीतरी असेल, असा विचार.

इमारतीला रंग लागत होता. दारांवरचे नंबर काढून ठेवलेले, सगळी दारं एकसारखी तपकिरी. लंबू दारासमोर घाम पुसत उभा. मी शेजारच्या दाराकडे बघितलं. लंबूकडे बघितलं. याला मी सातवीपासून ओळखतो. याची ओळख मला कोण परका पटवणार? आणि वर टाकी.

पिशवी उघडली.

आधी तेल मारून पाहिलं. मग तारेने. मग ड्रिल. काका ड्रिलला शेवटचा उपाय म्हणतात. मी शेवटापर्यंत सहा मिनिटांत पोचलो. कुलपाचा आतला भाग भुगा होऊन बाहेर आला, दार उघडलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं.

आत एक आजी गरम पाण्याच्या टबात पाय सोडून शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

"आलात?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "सकाळपासून वाट बघतेय. नळ आत आहे."

"हो आजी," लंबू म्हणाला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग. काय करणार?

"अरे," लंबू ओट्याशी कुजबुजला, "हे माझं घर नाही."

"ते कळलं मला."

"माझ्याकडे आजी नाहीये."

"लंबू, ते कळलं मला!"

झालं होतं असं. चार दिवस लिफ्ट बंद होती, तेव्हा हा तीन जिने चढून घरी जायचा. आज लिफ्ट सुरू झाली, याने तीनचं बटण दाबलं. त्या लिफ्टच्या हिशोबात तळमजला म्हणजे एक. लंबू कुरिअरमध्ये आहे. लोकांचे पत्ते शोधणं हाच त्याचा धंदा.

तो धावत वरच्या मजल्यावर गेला. किल्ली लोण्यासारखी फिरली. मोटर त्याने सकाळीच बंद केलेली होती.

खाली आला तो एक योजना घेऊनच.

"निघू या. आजींना वाटतंय आपण नळवाले. भोकाचं त्यांना वाटेल रंगाऱ्यांनी पाडलं. सकाळपासून तेही ड्रिलच मारतायत."

योजना चांगली होती. मी तिच्यात खोट शोधत होतो आणि मला सापडत नव्हती. सोमवार दोन दिवसांवर. काकांना कळायचं कारण नाही. मी पिशवीची चेन लावली.

दार ओढून घेतलं. ते सावकाश परत उघडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा उघडलं. कुलूपच नाही तर ते लागणार कशाला?

"आजी, घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"मी असते की."

मग मी काकांना फोन केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लंबूने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

काका वीस मिनिटांत आले, हातात नवं कुलूप. भोकाकडे बघितलं, भुग्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आधी शेजारचं दार वाजवलं. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"या आजी इथल्याच ना?"

"म्हणजे काय! माझ्या लग्नाआधीपासूनच्या."

मग काका आजींसमोर हात जोडून उभे राहिले. "आजी, हा माझा माणूस. चुकून तुमचं दार फोडलं यानं. नवं कुलूप हाच बसवून देतो."

"आणि नळ?" आजी म्हणाल्या.

कुलूप मीच बसवलं. काका मागे उभे. स्क्रू दोनदा हातातून पडला. तिन्ही किल्ल्या आजींनी स्वतः फिरवून बघितल्या आणि मग आम्हाला बाहेर काढून आतून कडीसुद्धा लावली.

जिन्यात काकांनी लंबूची किल्ली मागून घेतली. "अर्धी जात होती ना? कुलूप बिघडतं तेव्हा किल्ली पूर्ण जाते, फिरत नाही. अर्धी जाऊन अडली म्हणजे बहुतेक दार दुसऱ्याचं. हे तुला कळायला हवं होतं." मग लंबूला, "आणि तू कुरिअरमध्ये?"

"हो काका."

"बरं."

दोन पायऱ्या उतरून काका थांबले. मी म्हणालो, "काका, मंगळवारपासून मी गोदामात जातो. पिशवी तुमच्या टपरीत ठेवतो."

"परक्याचं दार असतं तर शेजाऱ्याला विचारलं असतंस?"

"असतं."

"मग मंगळवारी कानस घेऊन बस. सोमवारी मला सुट्टी आहे. दार एवढ्यात नाही. आणि ओळखीच्या माणसाचं दार तर कधीच नाही. ओळख असली की तुझी बुद्धी चरायला जाते. तिथे मला बोलवायचं." आणि पिशवी स्वतः उचलून निघून गेले.

ताईला सगळं सांगितलं. तिने कागदावर नवव्या नंबरभोवती गोल केला आणि कंसात लिहिलं, "सध्या". भाऊजींना जरा वाईट वाटलं. त्यांनी माझ्यासाठी डबा विकत आणला होता.

लंबू मात्र फुगला. काल चहाला भेटला तेव्हा म्हणाला, "म्हणजे उद्या मी खरंच अडकलो, तर माझा जिवलग मित्र चावीवाला असून उपयोग शून्य?"

"काकांचा नंबर देतो."

"आणि तू?"

मी विचार केला. मग त्याला शब्द दिला. तू अडकलास की मला फोन कर. मी येईन, कुठूनही येईन, पण रिकाम्या हातांनी येईन. आणि काका पोचेपर्यंत तुझ्या दारासमोर पायरीवर तुझ्याबरोबर बसून राहीन.