खंडेनवमीचा माउस

उल्हासने माउस पुन्हा टेबलावर आपटला. पडद्यावरचा बाण ढिम्म हलेना. कीबोर्डची तर वेगळीच तऱ्हा. स्पेसबार अर्ध्यावरच अडायचा आणि सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर पडायचे. इंटरव्ह्यू सुरू व्हायला जेमतेम पाव तास उरला होता.

लॅपटॉप बायकोचा, दीप्तीचा, जुना. त्याला कधीकाळी चहाची अंघोळ घडली होती. तेव्हापासून त्याची स्वतःची निम्मी बटणं मुकी आणि टचपॅड मेलेला. म्हणून तर हा बाहेरून जोडलेला संसार. ऑफिसचा चांगला लॅपटॉप नोकरी गेली तेव्हा परत द्यावा लागला होता. परदेशातल्या, क्वेकर्स हिलच्या या घरात ते दीप्तीला ठाऊक होतं, पुण्याहून आलेल्या आईला नाही. आईसाठी उल्हास रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून या खोलीत कामाला बसायचा. एवढ्या दिवसांत मिळालेला हा पहिलाच इंटरव्ह्यू, आणि त्यात समोरच्याच्या देखत कोड लिहून दाखवायचा होता.

त्याने माउस-कीबोर्डचे सेल बदलले. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. मग चिडून माउस उलटा केला. खालच्या दिव्याच्या भोकात कुंकू गच्च बसलं होतं.

"आई!"

आई पदराला हात पुसत दारात आली.

"माउसला कुंकू तू लावलंस?"

"आज खंडेनवमी ना रे. तो लाल दिवा लागतो ना खाली, म्हटलं तिथंच त्याचा जीव असणार. आणि त्या बटणांवर चार अक्षता वाहिल्या."

"चार अक्षता! अगं, त्यातली एक आत जाऊन बसलीय. माझी आत्ता मीटिंग आहे, इम्पॉर्टंट आहे, आणि तू सगळ्याची वाट लावून ठेवलीस!"

आईने केसांतली पिन काढून त्याच्यापुढे धरली. उल्हासने ती हिसकावूनच घेतली आणि स्पेसबारच्या फटीतून तांदळाचा लालसर दाणा उकरून काढला. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने माउसचं भोक पुसलं. बाण हलला. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि मग आपण आईवर केवढ्याने ओरडलो ते त्याच्या लक्षात आलं.

"सॉरी आई. पण पूजा करायचीच होती तर लॅपटॉपची करायची ना. त्याच्यावर बोट टेकलं असतंस तरी चाललं असतं."

"मागच्या खेपेला लॅपटॉपचीच केली होती. तो काळा होता, ऑफिसचा." आईने टेबलावर सांडलेलं कुंकू बोटाने टिपलं. "यंदा तो दिसलाच नाही. आल्यापासून बघतेय. हा तर दीप्तीचा. तुझ्या कामाच्या म्हणून या दोनच वस्तू उरल्या होत्या."

उल्हासचा हात माउसवर तसाच राहिला. समोरचं सगळं त्याला धूसर दिसायला लागलं. पडद्यावर इंटरव्ह्यूची खिडकी उघडली. 'रेडी व्हेन यू आर, मेट,' तिकडून कुणीतरी लिहिलं होतं.

आईने त्याची कॉलर सारखी केली.

"डोळे पूस आधी," ती म्हणाली. "त्यांना दिसतं ना सगळं त्यातून."

आणि बाहेर जाताना तिने दार आवाज न करता ओढून घेतलं.