फोटोपुरती चाकांची खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय. बसणाऱ्याचा भार वाहायचा आणि गप्प राहायचं, हा माझा धर्म. पण आता किळस पोटात मावत नाही.

पांढुर्ण्याच्या दुकानातून मला भूपेंद्रनं घेतलं. सौंसरला त्याचं बियाण्यांचं दुकान आहे आणि मोबाईलवर ‘सेवाभावी भूपेंद्र’ नावाचं पान. नगरपालिकेला उभं राहायचं म्हणून त्याला चांगलं नाव हवं होतं, तेही लवकर. माझ्या सीटवरचं प्लास्टिक त्यानं काढू दिलं नाही. म्हणाला, “राहू द्या, नवी दिसली पाहिजे.”

आधी मला तिगावला देवकाबाईंकडे नेलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या दीड वर्ष खाटेवर होत्या. घरासमोरच्या निंबाखाली दुपारी बाया बसत. त्यांचं हसणं आत ऐकू येई, चेहरे दिसत नसत. देवकाबाईंना फक्त तिथवर जायचं होतं.

नव्या गाडीची करतात तशी माझी पूजा झाली. सून अश्विनीनं नारळ फोडला, पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. व्हिडिओ संपला तसा भूपेंद्र म्हणाला, “मावशी, कागदं बाकी आहेत. खुर्ची उद्या पाठवून देतो.” निंब वीस पावलांवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मोहगावात, एका पायानं अधू असलेल्या नत्थूजींच्या अंगणात होते. फोटो काढणारी उर्वशी कुजबुजली, “भैय्या, कुंकू दिसून राहिलं.”

“पुसून टाक ना मग.”

ओल्या फडक्यानं डाग आणखीच पसरला. मग नत्थूजींना टेकून बसायला सांगितलं. तरी स्वस्तिकाचं एक टोक त्यांच्या खांद्यामागून दिसतच होतं. त्या फोटोखाली हजारभर हृदयं पडली. नत्थूजींनाही ‘उद्या’ सांगून मला गोदामात, पोत्यांच्या मागे लोटलं.

अश्विनीनं फोटो पाहिला आणि खाली लिहिलं, “ही आमच्या आईंची खुर्ची आहे. कुंकू मी लावलं होतं.” पाचव्या मिनिटाला ते वाक्य गायब. कुंकवापेक्षा फार लवकर निघालं ते. पण तोवर ते गावोगावच्या मोबाईलवर फिरलं होतं.

भूपेंद्र मला घेऊन तिगावला धावला. “मावशी, खुर्ची तुमचीच. फक्त व्हिडिओत एवढं बोला, का खुर्च्या दोन आहेत, सूनबाईचा गैरसमज झाला.”

“आई, नका बोलू,” अश्विनी म्हणाली. “तुमच्या तोंडून हा स्वतःले धुऊन राहिला.”

देवकाबाईंनी दाराबाहेर निंबाकडे पाहिलं. “बोलीन बाप्पा. पण खुर्ची पहिले अंगणात काढ.”

पहिल्यांदा त्या ‘दोन’ म्हणताना अडखळल्या. दुसऱ्यांदा नजर खाली गेली. तिसऱ्यांदा भूपेंद्र म्हणाला, “थोडं हसून, मावशी.” चौथ्यांदा त्या इतकं गोड बोलल्या, की माझ्या लोखंडावर काटा आला. मला किळस त्यांची आली नाही. वीस पावलांच्या मोबदल्यात एका म्हातारीकडून खोटं वदवून घेणाऱ्या त्या चांगल्या नावाची आली.

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, हृदयही चिकटवलं असेल. ते काढून घ्या. आणि मोहगावाकडे गेलात तर नत्थूजींच्या अंगणात डोकावा. तिथं अजून ‘उद्या’ उजाडलेला नाही.

मी आता रोज निंबाखाली असते. पहिल्याच दुपारी एका बाईनं विचारलं, “कोणं देल्ली वं देवका, खुर्ची?”

देवकाबाईंनी पदरानं माझा हात पुसला.

“कोणी नाही देल्ली. चार डाव खोटं बोलून कमावली.”