तेलाखाली न मरणारी पीडा

लाकडाच्या जुन्या वखारीत त्या सकाळी दोनेकशे माणसं बसली होती आणि झाडून सगळ्यांनी आ वासला होता. समोर टेबल, टेबलावर काचेचं पातेलं, आणि पातेल्यातल्या पाण्यात माझ्या धाकट्या जावेच्या छातीतून ‘ओढून काढलेली’ पीडा. बोटाच्या दोन पेरांएवढी, मातकट, सहा पायांची, बटबटीत डोळ्यांची.

ती काढली कशी तेही सांगते. जाऊ बाकावर आडवी. ओढबाबांनी (हे नाव लोकांनीच दिलेलं, अंगातलं दुखणं ओढून काढतात म्हणून) तिच्या कपड्यांवरूनच छातीवर ओला स्पंज फिरवला. तोंडाने चालूच, “ये, बाहेर ये, तुझं इथे काही ठेवलेलं नाही!” मग विजेचा धक्का बसल्यासारखे थरथरले आणि स्पंज पातेल्यावर पिळला. टुपकन पीडा पाण्यात पडली.

“बघा! हिची फुफ्फुसं कोण खात होतं, डोळे भरून बघा!”

चेल्याने पातेल्यात बेडकाचं एक पिल्लू सोडलं. पीडा ढिम्म हलली नाही. पिल्लू तिच्या तोंडासमोरून गेलं मात्र, तिच्या हनुवटीखालून आकडे असलेला एक हात सटकन बाहेर आला आणि पिल्लू घेऊन परत आत गेला. पापणी लवायच्या आत सगळं उरकलं. बायका किंचाळल्या. माझ्या दिराने तर गुडघे टेकले. हा विजेचे मीटर तपासणारा माणूस, लोकांनी मीटरमध्ये केलेली चोरी नुसत्या वासावर पकडणारा. इथे मात्र त्याने अक्कल चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली होती.

मी मत्स्यबीज केंद्रात बावीस वर्षं नोकरी करते. तळी साफ करणं, मत्स्यजिरे सोडणं, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली जिऱ्याएवढी माशांची पिल्लं, आणि त्यांच्यावर टपलेले किडे निपटणं हे माझं काम. मला राहवलं नाही. मी उभी राहिले.

“अहो, हे चतुराचं पिल्लू आहे! पाण्यावर भिरभिरतो ना चतुर, त्याची अळी. पंख फुटेपर्यंत पाण्यातच राहते. आमच्या तळ्यात शेकड्याने सापडतात.”

बाबा गोड हसले. “मावशी, तुमच्या तळ्यातले किडे तुम्ही कसे मारता?”

“साबण कालवलेलं तेल टाकून.”

“मरतात?”

“मरतात.”

“झालं तर!” त्यांनी पातेल्यात डासांच्या चार अळ्या सोडल्या आणि वरून तेलाची धार धरली. मग त्यांचं पाल्हाळ सुरू झालं. पृथ्वी, आकाश, मागचे जन्म, कशाचा कशाला मेळ नाही. तेवढ्या वेळात डासांच्या अळ्या तळाला जाऊन पडल्या. पीडा खुशाल फिरत होती. “किडा असता तर मेला असता. हे मी नाही, मावशीच सांगतात!”

“अहो, डासांच्या अळ्या श्वासासाठी वर येतात, वर तेल असलं की गुदमरतात. हिला वर यावंच लागत नाही. ही पाण्यातच श्वास घेते, मागून.”

“मागून म्हणजे कुठून?”

“ढुंगणातून,” मी म्हटलं. जे खरं ते मी सांगितलं. तिथून पाणी आत ओढते, तिथेच तिचे कल्ले असतात, आणि पळायचं झालं की तेच पाणी जोरात मागे फेकून सुळकन पुढे जाते. पण एवढं ऐकायला थांबतंय कोण? अख्खी वखार खदखदा हसत होती. “मावशी, तुमचं बोलणंही तिथूनच येतं वाटतं!” कुणीतरी ओरडलं आणि बाबांनी मोठ्या मनाने मला क्षमा केली.

घरी आल्यावर जावेने गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिला फुफ्फुसाचा टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्या, त्यातले दोन महिने झाले होते. खोकला उतरला होता, वजन चढलं होतं. हे केलं गोळ्यांनी आणि श्रेय गेलं स्पंजाला.

“अगं, डॉक्टरांनी बजावलंय ना? मध्येच सोडल्या तर आजार उलटेल, आणि मग याच गोळ्यांना दाद देणार नाही.”

“ताई, माझ्या छातीतून निघालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या तळ्यातला किडा माझ्या छातीत कशाला येईल?”

“वहिनी, तुम्ही नका आता मोडता घालू,” दीर म्हणाला. मी पाकीट डब्यातून काढून पुसून ठेवलं. दोन लहान मुलांची आई आहे ती. मला तिच्या भोळेपणाचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या बांधावर बसले असताना डोक्यात एक गोष्ट खटकली. तेलाची परीक्षा बाबांनी आयत्या वेळी काढली नव्हती. डासांच्या अळ्या तयार होत्या, तेल तयार होतं. तेलाने काय मरतं आणि काय मरत नाही हे या गृहस्थांना कुणी शिकवलं?

मीच. दुसरं कोण!

तेलाने चतुराच्या अळ्या मरत नाहीत म्हणून आम्ही जाळं ओढून त्या वेगळ्या काढतो. गेले तीन सोमवार एक सायकलवाला झाकणाची बादली घेऊन यायचा. “मावशी, त्या अळ्या द्या ना, बदकांना घालतो.” मी द्यायची. वर त्याला सांगायची, तेलाचं डबडं बघून घाबरू नकोस, यांना तेलाने काही होत नाही. आणि बदकांना ताज्या मिळाव्यात म्हणून ओल्या शेवाळात गुंडाळून द्यायची! वखारीतल्या चेल्याच्या कपाळाला पट्टा आणि अंगात झगा होता, म्हणून ओळखला नाही. दोनशे जणांना मूर्ख म्हणत होते, त्यात पीडेचा पुरवठा करणारी एकशहाणी मी!

रविवारी मी जावेकडे तिची नेलपॉलिश मागितली. जांभळी, चमकी घातलेली. बहिणीच्या लग्नाला आणलेली, दुसऱ्या कुणाकडे असल्या रंगाची बाटली मी पाहिली नाही.

“ताई, तुम्ही? जन्मात कधी नखं रंगवली नाहीत.”

“हौसेला वय नसतं,” मी म्हटलं.

सोमवारी एकतीस अळ्या निघाल्या. एकेकीला टिपकागदावर पालथी करायची, पोट टिपायचं, बारीक काडीने जांभळा ठिपका लावायचा, वाळेपर्यंत फुंकर घालायची. त्यांनी मागून चिळकांड्या उडवून माझं तोंड भिजवलं. बदकवाला आला, बादली घेऊन गेला. जाताना “देव तुमचं भलं करो” म्हणाला.

गुरुवारी बाकावर बेकरीवाला होता. पोटदुखी. जाऊ आणि दीर आभार मानायला पहिल्या रांगेत. मला पाहून बाबांना चेव चढला.

“या मावशी! आज श्वास कुठून घ्यायचा?”

हशा झाला. स्पंज फिरला, थरथर झाली, पीडा पातेल्यात पडली.

“बाबा, एवढीच पीडा उलटी करून दाखवा.”

“हात लावेल त्याच्या अंगात शिरेल!”

“शिरू दे. माझ्या अंगात रोजच शिरतात.” मी पातेल्यात हात घातला, अळी उचलली आणि पोट वर करून पहिल्या रांगेपुढे धरली. मला एकाच माणसाला दाखवायचं होतं.

जाऊ वाकली. बराच वेळ बघत राहिली.

“ही माझी पॉलिश आहे,” ती म्हणाली.

“पीडा मायावी असते, नाना रंग धरते!” बाबा गरजले.

बेकरीवाला उठून बसला. “माझ्या पोटात जाऊन नेलपॉलिश कोण लावून आलं?”

तेव्हा कुठे माझा दीर जागा झाला. त्याने बाबांच्या हातातला स्पंज ओढून घेतला आणि मीटरचं सील तपासावं तसा बोटांनी चाचपला. एका कडेला ब्लेडने पाडलेली चीर होती. चिरेत पुढच्या रोग्याची पीडा अंग चोरून बसली होती. टेबलाखालच्या बादलीत, माझ्याच शेवाळात, आणखी वीसएक निघाल्या. प्रत्येकीच्या पोटावर जांभळा ठिपका. चेला मागच्या दाराने सटकला होता. बाबा म्हणाले, माझं मौन सुरू झालंय.

सगळ्यांचे डोळे उघडले असं मी म्हणणार नाही. एक आजोबा जाताना म्हणाले, “ते काही असो, माझा गुडघा मात्र दुखायचा थांबला.” अशांपुढे कोण डोकं फोडणार! बाबा दुसऱ्या दिवशी गावातून गेले. कुठल्या तरी गावाला ते आता लाभले असतील.

डॉक्टरांनी जावेला आधी खडसावलं, मग थुंकी तपासायला घेतली. आठ दिवस गोळ्या चुकल्या होत्या. अहवाल येईपर्यंत दीर आणि ती, दोघंही धड जेवले नाहीत. नशीब म्हणायचं मला जिवावर येतं, पण आजार उलटला नव्हता. चुकलेले दिवस भरून काढून गोळ्या पुढे चालू झाल्या.

आता ती रोज सकाळी माझ्यासमोर गोळी घेते. परवा तिने विचारलं, “ताई, त्या एकतीस अळ्यांचं काय केलंत?”

“सापडल्या तेवढ्या वखारीमागच्या डबक्यात सोडल्या. डासांच्या अळ्या खातात, त्यांचं त्या काम करतील.”

“आणि ठिपका?”

“कात टाकली की जातो.”

माणसाला कात टाकता येत नाही, आपली खुळी समजूत आपल्यालाच हाताने सोलून टाकावी लागते. म्हणून एवढंच सांगते. कुणी तुमच्यासमोर चमत्कार ठेवला तर हात जोडायची घाई करू नका. तो उचला, उलटा करा, खालून बघा. खरा असला तर त्याला काही होणार नाही. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. माझ्या जावेच्या अजून त्र्याण्णव दिवसांच्या राहिल्या आहेत, आणि तो हिशेब तीच भिंतीवर रोज एक जांभळा ठिपका लावून ठेवते.