ओळखीचा कॅप्टन

विमान कंपनीवाल्यांनो, पायलटभरतीच्या जाहिरातीत तुम्ही 'फक्त गुणवत्ता' असं छापलंत, आणि अर्जात 'कंपनीतला ओळखीचा कॅप्टन' हा रकाना सक्तीचा ठेवलात. तो भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता. दोन्हींतलं एक धादांत खोटं होतं, आणि कोणतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

पडेगावच्या भाड्याच्या खोलीत सुकेशनी त्या रिकाम्या रकान्यासमोर बसली होती. लायसन्स होतं, मोठ्या जेटचं ट्रेनिंग झालं होतं, मेडिकल फिट होतं. सोयगावकडची सगळी मेंढरं त्यासाठी विकली गेली होती. नव्हतं ते उडवायला विमान. आणि विमान नसलं की पायलटच्या हाताची सवय मोडत जाते, लायसन्स नुसता कागद होतो.

फोनच्या स्पीकरवर फ्लाइंग क्लबात तिच्यासोबत शिकलेला सत्यम होता. "अगं, मी काकांचं नाव टाकलं. ते तिथंच कॅप्टन हायेत. तुझं कुणीच नाय का?"

"आमच्या खानदानात विमानाच्या सगळ्यात जवळ गेलेली मीच," ती म्हणाली. "माझ्याआधी आमची मेंढरं. चराईला इकडं आली की विमानतळाच्या भिंतीकडंनं चरायची."

सत्यम हसला. दाराशी बसलेला तिचा बाप मुंजाबा हसला नाही. "एक कॅप्टन वळखीचा पायजे, एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी त्यानं ठेवणीतलं घोंगडं काखेत मारलं, क्रांती चौकात रिक्षा बदलली आणि चिकलठाण्याला विमानतळाबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. संध्याकाळी परतला तो एकच नाव घोकत. त्याला लिहिता येत नव्हतं, विसरलं तर?

"लिव्ह लवकर! झाली वळख. त्याच कंपनीचे हायेत. लई देवमाणूस. घोंगडं खांद्यावर घेतलं, माझ्यासंगं फोटू काढला. म्हणले, बाबा, पोरीला सांगा माझं नाव टाकायला."

"असं म्हणाले? खरंच, आबा?"

"मग मी काय खुळा हाय का?"

सुकेशनी घुटमळली. ही कसली ओळख? पण मग सत्यमची तरी कसली? त्याला ती जन्मताच मिळाली होती. तिच्या बापानं दिवसभर उभं राहून मिळवली. तिनं नाव टाकलं.

काही दिवसांनी तुमचा मेल आला. 'संबंधित कॅप्टन आपल्याला ओळखत नाहीत. खोटी माहिती दिल्याबद्दल अर्ज बाद. यापुढं या कंपनीत अर्ज करता येणार नाही.' विमान उडवता येतं का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

"काय लिव्हलंय गं?" आईनं, बानाबाईनं विचारलं. सुकेशनीनं सांगून टाकलं. मुंजाबा ताटावरनं तसाच उठला. दुसऱ्या दिवसापासनं तो रोज विमानतळावर जाऊन उभा राहू लागला. त्या कॅप्टनची वाट बघत.

एका दुपारी ती त्याला घरी आणायला गेली, तर तेच कॅप्टन नेमके बाहेर येत होते. पुढं मुंजाबा, पटका काढून हातात धरलेला, कमरेत वाकलेला.

"सायेब, माझंच चुकलं. मी अडाणी, मला धड समजलंच नसंल. पोरीचा काय बी गुन्हा नाय. तिला एक डाव माफी करा."

"कोण आपण?" कॅप्टननं मोबाइलवरनं नजर काढली. "काका, रोज शंभर लोक भेटतात हो. कुणाकुणाला लक्षात ठेवू?"

"व्हय सायेब, बरोबर हाय तुमचं."

ते 'बरोबर हाय' सुकेशनीनं ऐकलं. मेलनं तिला खोटी ठरवलं होतं. आता तिचा बाप आपल्याच तोंडानं स्वतःला खोटा ठरवत होता, तिच्यासाठी.

"आबा, सरळ उभं ऱ्हा. पटका बांधा." मग ती वळली. कॅप्टनचा एक पाय गाडीत होता. तिनं दार धरलं.

"नोकरी मागत नाही, सर. मला ओळखू पण नका. पण ह्या माणसाला तुम्ही म्हणाला होतात का, माझं नाव टाका म्हणून? मोबाइल ठेवा. यांच्या तोंडाकडं बघा आणि सांगा. व्हय का नाय?"