बठ्ठं जाई

लग्नाला मांडे हवेत, आणि मांडे म्हटले की सोनगीरची दिपमाला. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या, तापल्या खापरावर अलगद टाकायची. खापर कुणाची भीड ठेवत नाही. दिपमालाचे हात चटक्यांच्या डागांनी भरले होते.

त्यांतला एकच डाग तिने जिवापाड जपला होता, डाव्या मनगटावरचा. ती मांडा टाकत असताना तिच्या लेकीने, छोट्या हेमांगीने, मागून गळ्यात हात टाकले आणि मनगट खापराला टेकलं. पोरीने घाबरून फुंकर घातली. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. खापर फोडायचं तरी कुणावर? जीवाला चटका लावून गेली, असं जो तो म्हणाला. लोक बोलायचं म्हणून बोलतात. दिपमालाकडे तो चटका खरोखरीचा होता. रोज ती त्यावर ओठ टेकवायची.

बाकीचे डाग मात्र तिला नको होते. धुळ्याच्या बाजारात झाडपाला विकणाऱ्या एका म्हातारीने तिचे हात पाहिले आणि मलमाची डबी पुढे केली.

"डाग जाई ना, आजी?"

"बठ्ठं जाई," म्हातारी म्हणाली. "मूयसकट."

बठ्ठं म्हणजे सगळं, मुळासकट. दिपमाला समजली, सगळे डाग. माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो.

कोपराजवळचा डाग आधी गेला. मग एके दिवशी तिचा दीर अभिमन मोबाईल घेऊन आला. त्याच्या लग्नाचा व्हिडिओ होता. मांडवामागे खापर, आणि मांडा झुलवणारी दिपमाला, कोपराजवळ ताजा लाल चटका.

"वहिनी, हाई तुम्हीच का? आपलाकडे तं जिलबी व्हती ना?"

दिपमालालाही जिलबीच आठवत होती. तिने कोपर चाचपलं. कातडी गुळगुळीत लागली.

मग तिने अंगठ्याजवळचा डाग पाहिला. तो सासूने, भिकुबाईने, मांडे शिकवले तेव्हाचा. पुसट झाला होता, पण होता. ती सासूकडे गेली.

"आत्या, माले मांडा कोनी शिकाडात?"

"माले काय ठाव, बाई? मी तं नही."

मलमाची डबी दिपमालाने धान्याच्या कोठीमागे टाकून दिली. मनगटाला आपण मलमाचं बोटही लावलं नाही, एवढाच काय तो धीर होता.

तरी मनगटावरचा डाग फिका पडू लागला. ती दिवसातून दहा वेळा उजेडात हात धरून बघायची, आणि दर वेळी तो थोडा कमीच दिसायचा.

एका दुपारी तिला अर्धवट जाग आली. नवरा, सुकदेव, उशाशी बसला होता. त्याच्या मांडीवर तीच डबी. मनगटावर तो फार मायेने मलम चोळत होता.

"हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"हाऊच डाग तुले रडाडस," तो म्हणाला. "म्हनीसन तुना डोया लागना का मी लावस."

तिने हात हिसकावला. "हाऊ हेमांगीना शे! आपली हेमांगीना!"

सुकदेवच्या डोळ्यांत काळजी होती, दुसरं काही नव्हतं.

"कोन हेमांगी?"

ती उठून मोरीत धावली. राखेने, साबणाने मनगट घासलं, आणि घासता घासता लेकीचं नाव मोठमोठ्याने घेत राहिली. संध्याकाळपर्यंत घेत होती. मग चुलीपाशी बसली, आणि आपला घसा का बसलाय हे तिला आठवेना.

सकाळी खुंटीवर एक छोटा निळा फ्रॉक दिसला. दिपमालाने तो उलटसुलट करून पाहिला, अंगणात येऊन शेजारी हाक मारली.

"कोनं शे वं हाई फराक?"

ज्याचा असेल तो नेईल, म्हणून तिने तो भिंतीवर टाकला. अंगणात पानही हलत नव्हतं. तरी तिच्या मनगटावर कुणीतरी हळूच फुंकर घातली.

दिपमालाने पदराने मनगट पुसलं आणि ती कणीक भिजवायला आत गेली.